स्वयंपाकघराच्या दारावरचा तक्ता

मुलांनो, तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल की आजी लोणावळ्याला इंग्रजी शिकवायची. ते निम्मंच खरं आहे. पगार इंग्रजीचा होता. पण अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहा ते आठ मी मुलींना बास्केटबॉल शिकवला, आणि बाजारात मला सगळे ओळखायचे ते 'चेंडूवाल्या बाई' म्हणून. तुमच्या बाबांना शाळेत त्यावरून चिडवायचे, म्हणून ते हा भाग गाळतात. मी गाळणार नाही.

कॉलेज म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येईल तसलं ते कॉलेज नव्हतं. ते बायकांचं ट्रेनिंग कॉलेज होतं. सातवी पास झालेल्या मुली दोन वर्षं तिथे राहायच्या, शिकायच्या आणि मग खेड्यापाड्यांतल्या मुलींच्या शाळांवर मास्तरीण म्हणून जायच्या. चाळीसएक मुली असतील. काही लग्न व्हायच्या, काही लग्न होऊन माहेरी परत आलेल्या, काही विधवा. वसतिगृह, वर्ग आणि स्वयंपाकघर एकाच चौकाभोवती होतं आणि मागे रेल्वेच्या कुंपणापर्यंत उतरती मोकळी जागा होती.

मी पुण्याला बी.ए. झाले आणि लग्न होऊन लोणावळ्याला आले. तुमचे आजोबा रेल्वेच्या कचेरीत होते. नोकरीसाठी गेले तेव्हा प्रिन्सिपॉलबाईंनी माझी सर्टिफिकेटं उलटसुलट करून पाहिली. त्यात मुंबईला सुट्टीत केलेल्या ड्रिलच्या वर्गाचं एक होतं.

"यात बास्केटबॉल असं लिहिलंय. येतो तुम्हाला?"

"नियम येतात."

"मग झालं. मुली दिवसभर बसून बसून आंबल्या आहेत. इंग्रजी दुपारी शिकवा, सकाळी हे."

मागच्या उतारावर आम्ही जमीन सपाट करून घेतली. आजोबांनी मोडीत निघालेले दोन रूळ मिळवले, ते दोन टोकांना पुरले. लोहाराने तेलाच्या पिंपाची कडी काढून रिंगा करून दिल्या. मुलींनी जुन्या सुतळीच्या जाळ्या विणल्या. पावसाचे चार महिने मैदान पाण्याखाली, तेव्हा आम्ही लांब ओसरीत भिंतीवर चेंडू मारायचो आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गातून 'बंद करा तो धाडधाड आवाज' असा निरोप यायचा.

कपड्यांचंही सांगते. प्रिन्सिपॉलबाईंना वाटायचं, मुलींनी पाचवारी नेसून खेळावं, म्हणजे सुधारलेलं दिसेल. मी नाही म्हटलं. पाचवारीत पाय अडकतात. नऊवारी काष्टा घट्ट मारला की धावताना सुटत नाही, उडी मारताना आड येत नाही. आमच्या आज्या-पणज्या काय नेसून शेतात वाकत होत्या ते उगीच नव्हे.

त्या वेळी मुलींचे नियम वेगळे होते. एका बाजूला सहा जणी. मैदानाच्या मधोमध एक रेघ. तिघींनी फक्त चेंडू रिंगेत टाकायचा, तिघींनी फक्त अडवायचं, आणि रेघ कुणी ओलांडायची नाही. का, तर बाईमाणूस दमतं. मी हे पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून समजावलं तेव्हा मागून कुणीतरी विचारलं,

"कोन दमतं म्हनालात, बाई?"

ती आंदर मावळातली मुलगी. आम्ही मुलींना गावावरूनच ओळखायचो. एक सोमाटण्याची, एक इंदुरीची, तशी ही आंदर मावळची. शेतकऱ्याची लेक. लग्न ठरलेला मुलगा साथीत गेला, म्हणून गावात तिला कुणी करेना. तिचा बाप तिला घेऊन डोंगर उतरून दिवसभर चालत आला होता, आणि प्रिन्सिपॉलबाईंना म्हणाला होता, "हिला मास्तरीन करा. घरात बसून नुसतीच जळंल."

"नियमात लिहिलंय, बायका दमतात," मी म्हटलं.

"लिवनाऱ्याला आमच्या आयकडं धाडा भात लावायला. चार दिस."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रेघ आखली, कारण नियम तो नियम. मी तेव्हा तशी होते.

तिच्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांच्या मधून वर फेकला आणि तो अलगद रिंगेतून खाली आला. सगळ्या बघत राहिल्या. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. भाताची कापणी झाली की भारे एकावर एक रचून माणसाच्या दुप्पट उंच उडवी करतात. खालून भारा फेकायचा तो वरच्या माणसाच्या बरोबर हातात गेला पाहिजे. ती दहा वर्षांची असल्यापासून तेच करत होती.

आता माईंबद्दल. माई म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या सुपरिंटेंडेंट. बालविधवा. चाळीस मुलींचं खाणं, झोपणं, आजारपण सगळं त्यांच्या हातात होतं, आणि त्यांच्या काळात एकदाही कुणी शिळं खाऊन आजारी पडलं नाही. हे मी आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की ती बाई वाईट होती. वाईट नव्हती. पण मी त्यांना माफ केलं असंही तुम्ही कुणाला सांगू नका.

त्या काळी बायका दर महिन्याला तीन दिवस बाजूला बसायच्या. कुणाला शिवायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, चौथ्या दिवशी न्हायचं. 'कावळा शिवला' म्हणायचे. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. आम्हाला ते सूर्य उगवण्यासारखं वाटायचं. वसतिगृहात न्हाणीघराशेजारी त्यासाठी एक अंधारी खोली होती. वर्गाला यायची परवानगी होती, पण दाराशी वेगळ्या गोणपाटावर बसायचं. खेळायला मात्र अर्थातच नाही.

आमच्या संघात सात जणी होत्या. सहा खेळणाऱ्या आणि एक जास्तीची. म्हणजे दोघी बाजूला बसल्या की खेळ बंद.

एकदा खेळता खेळताच सोमाटण्याच्या मुलीच्या लक्षात आलं आणि ती चेंडू हातात घेऊन उभीच राहिली. माईंनी ओसरीवरून पाहिलं. त्या खाली आल्या आणि तो चेंडू काठीने ढकलत ढकलत संपूर्ण चौक ओलांडून न्हाणीघराकडे घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता तो मला अजून दिसतो.

"आधीच चामडं," त्या म्हणत होत्या, "त्यात हे."

चेंडूवर गोमूत्र शिंपडलं. मग तो हंड्यात बुडवून ठेवला. मग शिंक्यात घालून चुलीवर वाळत टांगला. तीन दिवसांनी खाली काढला तेव्हा एका बाजूने फुगलेला आणि एका बाजूने आक्रसलेला, असा लहानसा फणस झाला होता. जमिनीवर आपटला की डावीकडे पळायचा. नवा चेंडू पुढच्या वर्षाशिवाय मिळणार नव्हता. आम्ही तोच घेऊन खेळलो, आणि मुली इतक्या तरबेज झाल्या की कुठल्या अंगावर आपटला तर कुठे जाईल ते त्यांना न बघता कळायचं.

पण पुन्हा असं होऊन तोही गेला तर काय, हा प्रश्न होताच. तेव्हा मी माझ्या आयुष्यातली सर्वांत व्यवस्थित चूक केली. मी एक तक्ता तयार केला.

आखीव कागद. डावीकडे सात जणींची गावं. वर तारखा. लाल शाईने बाजूचे दिवस, निळ्या शाईने खेळायचे. चार महिने नोंदी करून मी पुढच्या महिन्याचे दिवस आधीच काढू लागले आणि त्याप्रमाणे सराव ठेवू लागले. मला त्याचा फार अभिमान होता. इंग्रजी शिकलेल्या बाईने जुन्या चालीतूनही वाट काढली, असं मला वाटत होतं. माईंना मी तो दाखवला, म्हणजे त्यांची काळजी मिटेल.

माईंनी चष्मा लावून तो नीट वाचला. म्हणाल्या, "फार चांगलं काम केलंत. माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला लावलेला होता. पाणी भरणारा, दूध घालणारा, माळी, सगळे त्या दारावरून जायचे. संध्याकाळी सोमाटण्याची मुलगी रडून रडून डोळे सुजवून बसली होती. माळ्याने तिला विचारलं होतं, "काय, उद्यापासून सुट्टी ना?"

मी माईंना म्हटलं, तो आत लावा. त्या म्हणाल्या, "बाहेर असला म्हणजे कुणी लपवत नाही."

आंदर मावळची मुलगी माझ्याकडे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

"बाई, आमच्या घरी सा म्हशी हायत. त्येंचं बी असलं कागद करून कुनी दाराला लावत न्हाई."

मी उगीच काहीतरी बोलले, की हे खेळासाठी आहे, आपल्याच सोयीचं आहे.

"कुनाच्या सोयीचं? लावनीच्या टायमाला आमच्यात कोन बाजूला बसतंय? पाऊस थांबतोय व्हय तीन दिस? कंबरभर चिखलात समद्या बाया असत्यात, आनि त्याच भाताचा निवद देवाला जातो. देव खातोय की."

तक्ता दारावरच राहिला. हे मी लपवत नाही.

त्याच सुमारास कॉलेजच्या कमिटीपुढे मैदानाचा विषय निघाला. माईंचं म्हणणं होतं की एवढी जागा मुलींनी घाम गाळण्यात घालवण्यापेक्षा तिथे भाजी लावावी. मेथी, वांगी, मुळा. कमिटीत तीन गृहस्थ होते. अध्यक्ष रिटायर झालेले मामलेदार, शिवाय एक वकील आणि एक डॉक्टर. त्यांनी असं ठरवलं की पुण्याच्या मुलींच्या एका कॉलेजाबरोबर एक मॅच खेळून दाखवा. बाहेर जाऊन खेळण्याइतका संघ असेल तर मैदान ठेवू. संघच उभा राहिला नाही तर मैदानाची भाजी. मला ते रास्त वाटलं. पुण्याला पत्र गेलं, तिकडून तारीख आली. थंडीचे दिवस, संक्रांतीच्या आधीचा शनिवार. सहापेक्षा कमी मुली असतील तर सामना होणार नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं.

शुक्रवारी इंदुरीच्या मुलीला हिवताप भरला. ती आमची जास्तीची. म्हणजे उरल्या बरोबर सहा. त्या गडबडीत तक्ता मी पाहिलाच नाही.

शनिवारी सकाळी सातच्या गाडीला निघायचं होतं. मी साडेसहाला कॉलेजात आले तर पाच मुली चौकात तयार होत्या आणि आंदर मावळची मुलगी न्हाणीघराशेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. काष्टा मारलेला, वेणी बांधलेली. माई तिच्यासमोर काठी आडवी धरून उभ्या.

"हिला नेता येणार नाही," माई म्हणाल्या.

"माई, ती नसेल तर संघ उभा राहत नाही."

"ते मला कळतं."

"मैदान जाईल."

"तेही कळतं. माळ्याला मी मेथीचं बी आणायला सांगितलंय." मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "मी मनाचं सांगत नाही, बाई. आजच्या तारखेला लाल शाई आहे. तुमच्याच अक्षरात आहे."

पाची मुली माझ्याकडे बघत होत्या. ती उंबऱ्यातली मात्र माझ्याकडे बघत नव्हती. तिने माझ्याबद्दल आधीच काय ते ठरवलेलं होतं, आणि मला ते सहन झालं नाही.

मी चौक ओलांडला, दारावरचा तक्ता खिळ्यासकट ओढून काढला, आत गेले आणि चुलीत घातला. चुलीवर मुलींच्या कांजीचं पातेलं होतं. कागद जाड होता, जळायला वेळ लागला. तो पूर्ण जळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. बाहेर आले आणि म्हटलं, "आता कुठे आहे लाल शाई?"

"कागद जाळून काय होतं?" माई म्हणाल्या. "ती आहे की नाही ते तिला विचारा."

"मी कुणाला काही विचारणार नाही. आजपासून कधीच विचारणार नाही. चला गं."

माई काठी खाली घेईनात. ती मुलगी थोडी वाकली आणि काठीखालून निघून आली. माईंना धक्का न लावता, पदरसुद्धा लागू न देता. म्हणाली, "शिवले न्हाई हो, माई. भिऊ नगासा."

गाडी आम्हाला पळत जाऊन गाठावी लागली. बायकांच्या डब्यात जागा मिळाली. कामशेत गेलं. मग सोमाटण्याच्या मुलीने डबा उघडला, दशम्या काढल्या, पहिली आंदर मावळच्या मुलीच्या हातावर ठेवली आणि तिच्याच हातातून अर्धी मोडून स्वतः खाल्ली. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

मॅचबद्दल तुम्हाला खोटं सांगणार नाही. आम्ही हरलो. अठरा-पंधरा. पुण्याच्या निम्म्या मुली फ्रॉकमध्ये होत्या, निम्म्या पाचवारीत, आणि आमचे काष्टे बघून त्यांच्यातल्या काही जणी तोंडावर हात धरून हसल्या. पण आम्ही हरलो ते त्यामुळे नाही. हरलो त्यांच्या चेंडूमुळे. तो गोल होता. आमच्या मुलींनी गेले कित्येक महिने फणसाशी झटापट करून हात तयार केलेला. चेंडू आपटला की त्या आपोआप डावीकडे झेपावायच्या आणि चेंडू सरळ समोरून जायचा. पहिल्या अर्ध्या वेळात आमचे झाले तीन.

मध्यंतरात आंदर मावळची मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो चेंडू लय सरळ हाय. ह्याला काईच खोड न्हाई."

"मग सरळ खेळा," मी म्हटलं. याहून मोठा सल्ला माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या अर्ध्यात तिने सहा वेळा चेंडू रिंगेत टाकला, खालून, गुडघ्यांच्या मधून. शेवटी ज्या मुली हसल्या होत्या त्याच तिला विचारत होत्या, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, "भाताच्या खळ्यात." त्यांना ते काही कळलं नाही.

हरलो, पण संघ उभा राहिला होता. मैदान आमचं होतं. रात्र पुण्यालाच काढली आणि रविवारी दुपारी परत आलो, तर रेघेच्या पलीकडचं निम्मं मैदान कुदळलेलं. माळ्याने वाफे काढून मेथी पेरून पाणीसुद्धा सोडलं होतं. एका रिंगेच्या खाली चिखल. माईंनी तक्रार लिहून कमिटीला पाठवली होती: बाईंनी नियम मोडला, विटाळ कालवला, तेव्हा त्यांचा खेळ संपला असं समजून उरलेली जागाही भाजीला द्यावी.

मंगळवारी कमिटी बसली. प्रिन्सिपॉलबाईंच्या खोलीत तिघे गृहस्थ टेबलामागे, प्रिन्सिपॉलबाई बाजूला, माई दाराशी, आणि मी मध्ये खुर्चीवर. वकीलसाहेब कामकाज लिहून घेत होते.

मामलेदारसाहेबांनी घसा साफ केला. "बाई, मॅच खेळलात, चांगलंच केलंत. त्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की त्या दिवशी मुलींपैकी कोणी... म्हणजे... माई म्हणतात तशा अवस्थेत होतं काय?"

"मुलींचं मी सांगणार नाही."

"सांगणार नाही म्हणजे? आम्हाला निर्णय द्यायचा आहे."

"मुलींची नोंद मी जाळली. पुन्हा ठेवणार नाही."

"मग आम्ही असं धरून चालायचं का, की कोणीतरी होतं?" वकीलसाहेबांनी विचारलं. ते कोर्टात बोलत असल्यासारखे बोलायचे. "होय किंवा नाही?"

आता हे नीट वाचा, मुलांनो. खेळणाऱ्यांपैकी कोण बाजूला आहे ते मी विचारत बसायचे, तक्त्यात सात गावं लिहायचे, पण त्या तक्त्यात माझी ओळ कुठेच नव्हती. बाईंना कोण विचारणार? घरी मी तीन दिवस बाजूला बसायचे, सासूबाई स्वयंपाक करायच्या, आणि त्याच दिवशी कॉलेजात येऊन मी वर्गात शिकवायचे, चेंडू हातात घ्यायचे, आणि आंदर मावळच्या मुलीला म्हणायचे, आज तू नको. हे इतकी वर्षं चाललं होतं आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं. शनिवारी चुलीपुढे उभी असताना ते मला पहिल्यांदा वाटलं.

"होय," मी म्हटलं. "होतं कोणीतरी. मी होते. दुसरा दिवस होता."

डॉक्टरसाहेब एकदम खोकले. मला अजून वाटतं की ते हसत होते. माई दाराला टेकल्या.

"तुम्ही... स्वयंपाकघरात आला होतात," माई म्हणाल्या.

"हो, माई. कांजीच्या पातेल्याशी उभी होते. कांजी सगळ्यांनी प्यायली. कुणाला काही झालं का?"

वकीलसाहेबांचा टाक हवेत थांबलेला. मामलेदारसाहेब त्यांना घाईने म्हणाले, "हे लिहू नका. हे लिहायचं नाही."

"लिहा ना," मी म्हटलं. "कसं लिहायचं ते अडत असेल तर मी मजकूर सांगते. मराठीत सांगू की इंग्रजीत?"

"पुढचा विषय," मामलेदारसाहेब म्हणाले. "पुढचा विषय काय आहे?"

"वरच्या वर्गाचं छप्पर गळतंय," प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या. "आणि मैदानाचं काय ठरलं?"

"कसलं मैदान? आहे तसं चालू दे. छपराचं बोला."

असा निकाल लागला. कागदावर तो कुठेही सापडणार नाही.

त्याची किंमत पडली नाही असं नाही. लोणावळ्यासारख्या गावात असली गोष्ट दुपारपर्यंत सगळीकडे पोचते. त्या संक्रांतीला मला कितीतरी घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. माईंनी त्यानंतर माझ्या हातचं पाणी कधी घेतलं नाही. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "तीन पुरुषांसमोर बोललीस म्हणे?"

"हो."

"तिघेही शुद्धीवर होते का नंतर?"

मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण त्या दिवशी आम्ही दोघींनी एकत्र जेवण केलं.

कमिटी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेले. निम्मं मैदान चिखलाचं, मेथीचे कोंब नुकते वर आलेले. मी माळ्याला म्हटलं, हे बुजवायला किती दिवस लागतील? तो म्हणाला, माती भुसभुशीत झाली, आता पुढच्या उन्हाळ्याशिवाय काही घट्ट बसत नाही.

"ह्येला इचारू नगा," आंदर मावळची मुलगी म्हणाली. "ह्यो माळी हाय. ह्येला मोकळी करायची ठावं, घट्ट करायची न्हाई. खळं करत्यात तसं करू."

भात झोडायला जे खळं करतात, त्याची जमीन दगडासारखी लागते, नाहीतर दाणा मातीत जातो. ती कशी करायची ते तिने सांगितलं आणि तिच्या हाताखाली आम्ही सगळ्यांनी केलं. आधी माती ओढून सारखी केली. मेथीचे कोंब तिने त्याआधीच उपटून सुपात गोळा केले आणि स्वयंपाकघरात पाठवून दिले, फुकट घालवायचे नाहीत म्हणून. मग पाणी शिंपडलं. मग सगळ्या एका ओळीत उभ्या राहिल्या, हातात लाकडी चोपणी, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन चोपत गेल्या. मीही काष्टा मारला आणि ओळीत उभी राहिले. तिने मला दोनदा बाजूला काढून चोपणी कशी धरायची ते दाखवलं. "सपाट पडाया पायजे, बाई. तुमी नुसतं टोचताय." चोपून झाल्यावर शेणकाला करून सारवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोपायचं. असं चार दिवस.

बास्केटबॉल न खेळणाऱ्या मुलीही आल्या. तापातून उठलेली इंदुरीची आली. आम्ही तीसेक जणी असू.

तिसऱ्या दिवशी माई ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. चोपण्यांचा आवाज चालूच होता. त्यांनी ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. न्हाणीघराशेजारची खोली रिकामी होती, ते त्या पाहून आल्या असणार.

"कोण कोण आहे गं त्यात?" त्यांनी विचारलं.

कुणी थांबलं नाही. आंदर मावळच्या मुलीने मानसुद्धा वर केली नाही.

"समद्या हायत, माई," ती म्हणाली. "तुमी बी या. चोपनी हाय एक."